कॉइलओव्हर घेण्याआधी थोडं गणित

(ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायच्या दिवशी, गाडी नेणाऱ्या बे एरियातल्या मराठी मित्रमंडळींसमोर केलेलं भाषण; शब्दांकन करताना थोडं आवरतं घेतलं आहे.)

मंडळी, तुमच्यातल्या निम्म्यांनी कॉइलओव्हरचा, म्हणजे स्प्रिंग आणि झटके जिरवणारा डॅम्पर एकत्र असलेल्या, उंची बदलता येणाऱ्या जोडणीचा, सेट आधीच निवडून ठेवलाय आणि माझ्याकडून फक्त होकार हवाय, हे मला ठाऊक आहे. होकार देईन की नाही ते नंतर बघू. आधी थोडं गणित करू, पाचवीच्या पलीकडचं नाही.

उदाहरणाला गाडी घेऊ पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-5, म्हणजे इथे जिला सगळे मियाटा म्हणतात ती. 1989 साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. वजन साधारण एक टन, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आडव्या भुजांनी धरलेलं. लगुना सेका असो, सोनोमा असो की थंडरहिल, इथल्या या ट्रॅकवर ट्रॅक डेच्या पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागी) चार-दोन मियाटा उभ्या असतातच. काहींकडे सुबारू बीआरझेड आहे. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग-डॅम्परचा उभा खांबच चाक धरतो) असल्यामुळे काही हिशोब बदलतात, ते त्या-त्या ठिकाणी सांगतो.

सस्पेन्शन बदलायचं म्हटलं की पहिला विचार येतो गाडी खाली बसवण्याचा. दिसते छान, यात वाद नाही. पण मिळतं किती ते बघा. चालकासकट गाडी 1080 किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून 46 सेंटीमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 1.42 मीटर धरा. 1 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, जोराच्या वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 350 किलो भार सरकतो. या हिशोबात स्प्रिंग कुठेच आलेली नाही. स्प्रिंग कडक असो वा मऊ, एवढा भार सरकणारच. आता गाडी 25 मिलिमीटर खाली घ्या. आकडा होतो 331. कमाई एकोणीस किलोची.

आणि त्यासाठी मोजलं काय? चाकाचा वर जाण्याचा प्रवास. मियाटामध्ये तो कंपनीतून येतानाच तुटपुंजा आहे. गाडी नुसती उभी असतानाच डॅम्परचा दांडा बंप स्टॉपच्या जवळ आलेला असतो. त्यातून इंचभर आणखी काढून घेतला की वळणात गाडी थोडी झुकली, रस्ता थोडा उंचावला, की बाहेरचं चाक बंप स्टॉपवर टेकलंच. त्या क्षणी तुमची निवडून आणलेली स्प्रिंग बाजूला राहते आणि तिच्या कित्येक पट कडक असा तो रबराचा ठोकळा काम करायला लागतो. पुढे असं झालं तर गाडी वळायचं सोडून सरळ जायला लागते. मागे झालं तर शेपूट सुटतं, आणि तेही न सांगता. लगुना सेकाचं सहावं वळण आठवा. तळाशी गाडी दबते आणि तशीच चढाला लागते. तिथे ज्याचा प्रवास संपलेला असतो त्याला वाटतं टायर खराब आहेत. मग तो टायर बदलतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच घसरतो.

चाकाला खाली जाण्याचाही प्रवास लागतो. लगुना सेकाच्याच कॉर्कस्क्रू वळणाच्या माथ्यावर गाडी हलकी होते आणि पुढे थोडक्या अंतरात रस्ता 18 मीटर खाली जातो. तिथे चाक जमिनीच्या मागे खाली उतरलं नाही तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही काही क्षण शोभेपुरती.

बीआरझेडवाल्यांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. स्ट्रटची गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य जेवढा उतरतो त्यापेक्षा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) जास्त उतरतं. या दोहोंमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडी झुकवणारी तरफ लांब होते. खाली घेतलेली गाडी त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त झुकू शकते. लोक मग आणखी कडक स्प्रिंग शोधायला निघतात.

तर येऊ कडकपणाकडे. स्प्रिंगवरचे आकडे तीन बोलींत येतात. अमेरिकन लोक पौंड प्रति इंच लिहितात, जपानी किलो प्रति मिलिमीटर, जर्मन न्यूटन प्रति मिलिमीटर. 1 किलो प्रति मिलिमीटर म्हणजे 56 पौंड प्रति इंच. एवढं पाठ केलंत तरी दुकानदार तुम्हाला फसवू शकणार नाही.

इथल्या स्पेक मियाटा शर्यतींच्या वर्गात वर्षानुवर्षं बिल्स्टाइनचे डॅम्पर आणि आयबाखच्या स्प्रिंग चालत आल्या: पुढे 700 पौंड, मागे 325. हा 700 आकडा ऐकून बीआरझेडवाला घाबरतो, कारण त्याच्याकडे 400 च्या स्प्रिंग आहेत आणि तेवढ्यानेच 880 हायवेवर त्याची कंबर दुखते. पण मियाटात स्प्रिंग विशबोनच्या मधोमध कुठेतरी बसते. चाक 10 मिलिमीटर वर गेलं तर स्प्रिंग 7 च्या आसपास दबते. हे गुणोत्तर वर्गाने लागू होतं: 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 0.49. चाकापाशी 700 चे उरले 343. स्ट्रटमध्ये हेच गुणोत्तर 0.95 च्या आसपास असतं, वर्ग साधारण 0.9, म्हणजे 400 चे 360. दोन्ही गाड्यांची पुढची चाकं जवळजवळ सारखीच कडक निघाली! म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा कधी उचलू नका.

गाड्यांची तुलना करायची तर ती वारंवारतेत करा, म्हणजे चाकावरचा भाग सेकंदाला किती वेळा वरखाली होईल. मियाटाच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेकचं वजन वगळून, 235 किलो धरले आणि चाकापाशी 60 न्यूटन प्रति मिलिमीटर, तर उत्तर येतं साधारण अडीच हर्ट्झ. घरगुती गाडी 1 ते 1.5 मध्ये असते. विंग नसलेल्या, साध्या ट्रॅक टायरवर चालणाऱ्या गाडीला 2 ते 2.5 पुरे. त्याच्या पुढे जायचं कारण एकच, पंखांमुळे वाढत जाणारा हवेचा दाब, आणि तो तुमच्याकडे नाही. विनाकारण तीन-साडेतीन हर्ट्झची गाडी केलीत तर ती खडबडीत डांबरावर बैलगाडीसारखी उड्या मारत जाईल, आणि हवेत असलेल्या टायरला पकड नसते.

आता डॅम्पर. आपल्याकडचा गॅरेजवाला ज्याला शॉकअप म्हणतो तो. खरे पैसे इथे घालायचे असतात आणि इथेच लोक काटकसर करतात. स्प्रिंग ही तारेची गुंडाळी, चांगली आणि बरी यात फारसा फरक नाही. डॅम्परच्या आतले पिस्टन, पातळ चकत्यांची चळत, तेल, नायट्रोजनचा दाब, सील, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

त्याच मियाटाचा हिशोब पुढे नेऊ. त्या कोपऱ्याचं क्रिटिकल डॅम्पिंग (गाडी न हेलकावता स्थिरावेल एवढा विरोध) काढलं आणि त्यातलं 65 टक्के हवं असं धरलं, तर दांडा सेकंदाला 50 मिलिमीटर वेगाने हलत असताना डॅम्परने सरासरी 500 न्यूटनच्या आसपास विरोध करायला हवा. म्हणजे दबताना साडेतीनशे, उघडताना साडेसहाशे, असं काहीतरी. या संथ वेगाच्या पट्ट्यात गाडीचं झुकणं आणि ब्रेकला नाक खाली जाणं सांभाळलं जातं. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढलात की दांडा याच्या कित्येक पट वेगाने हलतो, आणि तिथे विरोध त्याच प्रमाणात वाढत गेला तर चाक कर्ब गिळण्याऐवजी गाडीच उचलतं. म्हणून चांगल्या डॅम्परचा आलेख सुरुवातीला उभा चढतो आणि पुढे वाकतो. हा आलेख शॉक डायनोवर (डॅम्पर मोजायच्या यंत्रावर) निघतो. तो विक्रेत्याकडे मागा. ज्याच्याकडे नाही त्याने डॅम्पर मोजलेला नाही.

जाहिरातीत बत्तीस क्लिक, छत्तीस क्लिक असं लिहितात, म्हणजे विरोध बदलणाऱ्या बटणाचे तेवढे टप्पे. स्वस्तातल्या बऱ्याच सेटमध्ये पहिल्या दहा क्लिकना काहीच होत नाही, शेवटच्या चारांत सगळं होतं, आणि चारही कोपऱ्यांवर एकाच क्लिकला चार वेगळे आकडे येतात. वर एकाच बटणाने दबणं आणि उघडणं दोन्ही बदलतं. उघडताना विरोध फार वाढवलात तर लागोपाठच्या खळग्यांवर चाक पुरतं परत खाली येत नाही. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि पुन्हा त्या बंप स्टॉपवर! मला विचाराल तर शंकास्पद छत्तीस क्लिकपेक्षा एकच नीट बसवलेली सेटिंग असलेला डॅम्पर मी आधी घेईन.

पैशांचं म्हणाल तर हजार डॉलरच्या आत चारही कोपऱ्यांचे नवे कॉइलओव्हर मिळतात, त्यांच्यापासून लांब राहा. तेवढ्यातच कोनी किंवा बिल्स्टाइनचे साधे डॅम्पर, बऱ्या स्प्रिंग आणि नवे बंप स्टॉप बसतात, आणि पहिल्या दोन-तीन हंगामांना ते भरपूर झाले. अडीच-तीन हजारांच्या पट्ट्यात ओलिन्सचा रोड अँड ट्रॅक किंवा केडब्ल्यूचे वरचे सेट येतात. रोज ऑफिसला तीच गाडी नेणाऱ्याने इथे थांबावं. त्याच्या वरचं तीन-चार समायोजनांचं सामान ज्यांच्याकडे डेटा लॉगर आहे आणि तो वाचायची चिकाटी आहे त्यांच्यासाठी.

आणि हे सगळं टायर, ब्रेकचं तेल, अलाइनमेंट झाल्यानंतर. मियाटाला पुढे अडीच ते तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) दिला की गाडीचा स्वभावच बदलतो. डबल विशबोनमुळे त्यातलं बरंच कंपनीच्याच बोल्टवर जमतं. बीआरझेडला कॅम्बर प्लेट (स्ट्रटचा माथा आत सरकवू देणारी) घ्यावीच लागते, नाहीतर टायरची बाहेरची कड एका दिवसात कापल्यासारखी जाते.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातली दोन इथे घेतली आहेत.)

एक ताई विचारतायत, पुण्यातल्या भावाकडे फोक्सवॅगन पोलो आहे, त्याला कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचंय, हेच लागू पडेल का? गणित तेच, गाडी वेगळी. पोलोला मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) आहे आणि तिथे स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळ्या जागी बसतात, त्यामुळे मागचं गुणोत्तरही दोघांचं वेगळं निघतं. शिवाय भावाला ती गाडी रस्त्यावरून न्यायची आहे. स्पीडब्रेकर आहेत, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जे मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. उंची तशीच ठेवून चांगले डॅम्पर घाला म्हणावं. आणि आधी आरटीओत विचारून या.

दुसरा प्रश्न, वापरलेले ओलिन्स निम्म्या भावात मिळतायत, घेऊ का? जरूर घ्या, पण रीबिल्डचा (खोलून तेल-सील बदलण्याचा) खर्च किमतीत धरूनच भाव करा. दांड्यावर ओरखडा असेल तर सोडून द्या, नवा सीलही तिथे टिकत नाही. स्प्रिंग आधीच्या मालकाच्या गाडीच्या वजनाला निवडलेल्या असतील, त्या बदलाव्या लागतील हे गृहीत धरा. आणि रीबिल्ड करणाऱ्याला सांगा, चारही डॅम्परचे आलेख एकाच कागदावर छापून दे.