गळतीचं वय

पत्रिकेवर माझा विषय 'गळतीशोधाची आधुनिक तंत्रं' असा छापलाय आणि शेजारी उपग्रहाचं चित्रही टाकलंय. उपग्रहापर्यंत आपण जाऊच, वेळ उरला तर. त्याआधी माझं एक जुनं खूळ मांडतो. काहींनी ते पूर्वी ऐकलंय; त्यांनी मागच्या रांगेत डुलकी काढायला हरकत नाही.

पाण्याच्या वाहिनीत गळती दिसली की पहिला प्रश्न येतो, केवढी आहे? माझा प्रश्न असा की तिचं वय काय? मोठी वाहिनी फुटली की रस्त्यावर कारंजं उडतं, फोन खणखणतात, साहेब स्वतः हजर होतात. समजा तासाला ५० हजार लिटर पाणी जातंय आणि १२ तासांत दुरुस्ती झाली. गेलं सहा लाख लिटर. आता पाच मिलिमीटरचं एक भोक घ्या. दाब ३० मीटरचा, म्हणजे ३० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, असेल तर त्यातून तासाला साधारण हजार लिटर जातं. २५ दिवसांत या भोकाने त्या कारंज्याची बरोबरी केली. वर्षभर कुणाला पत्ताच लागला नाही, तर ८७ लाख लिटर! आणि त्याचा फोटो कुठे छापून येत नाही.

गळती सुरू झाल्यापासून आपल्याला कळेपर्यंत एक काळ जातो. कळल्यावर नेमकी जागा सापडेपर्यंत दुसरा, आणि मग खड्डा करून दुरुस्त होईपर्यंत तिसरा. बाजारातली झगमगीत यंत्रं बहुतेक मधल्या काळासाठी असतात. तो तर काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. पहिला काळ महिनोन्‌महिने चालतो, आणि त्याच्यावर खर्च करायचा म्हटलं की बैठकीत सगळे चहाकडे बघायला लागतात.

म्हणून मला जॉर्ज डीकन हा माणूस फार आवडतो. लिव्हरपूल शहराचा अभियंता. पाणी पुरेना म्हणून तिथे ठरावीक तासच सोडत होते. डीकनने १८७३ साली एक मीटर काढलं. उभ्या, खाली रुंद होत जाणाऱ्या नळीत तारेला टांगलेली एक चकती, वर तोलायला वजन. प्रवाह वाढला की चकती खाली जाते, कमी झाला की वर येते. तारेला पेन्सिल लावलेली आणि घड्याळावर फिरणाऱ्या पिंपावर कागद गुंडाळलेला. झालं! एका वस्तीचं पाणी या एकाच मीटरमधून सोडायचं आणि कागद बघायचा. रात्री सगळे झोपले की रेघ खाली यायला हवी. नाही आली, तर पाणी कोण पितंय?

पुढची युक्ती तर मला आजही थक्क करते. रात्री तपासनीस निघायचा. प्रत्येक जोडणीच्या कॉकवर चावी ठेवायची, दुसरं टोक कानाला, डॉक्टरच्या नळीसारखं. सूं-सूं आवाज आला की कॉक बंद करायचा आणि वेळ टिपून पुढे जायचं. सकाळी त्याची वही आणि मीटरचा कागद शेजारी ठेवायचे. अमुक वाजता अमुक कॉक बंद केला आणि त्याच क्षणी रेघ एवढी उतरली. म्हणजे एवढं पाणी त्या कॉकच्या पलीकडे वाया जात होतं. शिवाय तपासनीस खरंच फिरला की कोपऱ्यावर झोपला, तेही कागद सांगायचा. हसताय, पण सगळ्यात महत्त्वाचा शोध हाच असावा, असं मला अधूनमधून वाटतं.

आज आपण याला मोजणी क्षेत्र म्हणतो. ५०० ते ३००० जोडण्यांचा तुकडा वेगळा करायचा, आत येणारं पाणी मोजायचं, रात्री दोन ते चारचा किमान प्रवाह रोज बघायचा. रुग्णालयं, रात्रपाळीचे कारखाने वजा केले की उरते ती मुख्यतः गळती. अट एवढीच, की पाणी चोवीस तास असावं आणि सीमेवरचे व्हॉल्व्ह खरोखर बंद होत असावेत. दुसऱ्या अटीवर मी वेगळं व्याख्यान देऊ शकतो. घाबरू नका, देत नाही.

पण एक तक्रार ऐकाच. एका पाणीपुरवठा कार्यालयाने कोरिलेटर घेतला होता. याचं काम सोपं आहे: वाहिनीवर दोन ठिकाणी संवेदक बसवायचे, गळतीचा आवाज एकाकडे आधी आणि दुसऱ्याकडे नंतर पोचतो, त्या फरकावरून यंत्र जागा काढतं. आकडे सोपे करून सांगतो. संवेदकांत १०० मीटर अंतर, फरक सेकंदाचा चाळिसावा भाग. नकाशावर वाहिनी बिडाची, म्हणून आवाजाचा वेग सेकंदाला १२०० मीटर धरला. वेग गुणिले वेळ, ३० मीटर. शंभरातून तीस वजा करून निम्मे केले, की जवळच्या संवेदकापासून ३५ मीटर. तिथे खणलं. चर कोरडी ठणठणीत. यंत्रावर शेरा पडला, 'सदोष'. मला बोलावलं ते यंत्र तपासायला! चरीत उतरून बघतो तर वाहिनी प्लास्टिकची. कधीतरी बदलली होती, नकाशावर कुणी नोंदच केली नव्हती. प्लास्टिकमध्ये वेग बराच कमी, समजा ४०० मीटर. तेच गणित करा, ४५ मीटर येतं. दहा मीटर पुढे खणलं आणि पाणी लागलं. यंत्र बिचारं निर्दोष सुटलं, तरी वहीतला शेरा कुणी खोडला नाही. आणि नकाशा? तोही तसाच राहिला. याचा मला अजून राग येतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग पळत पळत.

धातूच्या वाहिनीत गळतीचा आवाज उंच आणि लांबवर जाणारा असतो. प्लास्टिकमध्ये खर्जाचाच उरतो आणि लवकर विरतो. तिथे संवेदक जवळजवळ लावा, पाण्यातच बुडणारे हायड्रोफोन वापरा. नॉइज लॉगर व्हॉल्व्हवर चुंबकाने चिकटतात आणि रात्रभर ऐकतात. वापराचा आवाज येतो-जातो, गळतीचा थांबत नाही. आवाजच येत नसेल तर वाहिनीत पाच टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असं मिश्रण सोडतात. या प्रमाणात ते पेट घेत नाही, आणि हलका हायड्रोजन जमिनीतून वर येतो तो यंत्राने हुंगायचा. मोठ्या वाहिनीत मायक्रोफोन आतच सोडतात. ओल दिसली म्हणून तिथेच खणू नका. पाणी चरीतल्या वाळूतून वाहत भलतीकडे वर येतं. आधी त्यात क्लोरीन आहे का बघा, म्हणजे निदान आपलंच पाणी आहे हे कळेल. अर्थात, क्लोरीन मातीत उडूनही जातो.

आणि हो, उपग्रह. त्याचं रडार जमिनीतल्या ओलीचे संशयित ठिपके दाखवतं. खड्डा कुठे घ्यायचा ते सांगत नाही. तिथे आवाज ऐकायची सळई घेऊन माणूसच जातो.

दाबाचं राहिलंच. लोखंडी वाहिनीतलं भोक दाबाने फारसं बदलत नाही. प्लास्टिकची चीर दाबाबरोबर उघडते. अशा चिरांतली गळती दाबाच्या दीड घाताच्या आसपास बदलते, म्हणजे रात्री दाब निम्मा केला तर ती साधारण एक तृतीयांशावर येते. अजून एकही गळती सापडलेली नसताना! फक्त उंचावरच्या घरांना पाणी पोचतंय ना, ते आधी तपासा, नाहीतर फोन मला येतील. दिवे लावा, प्रश्न घेऊ.