दिवाळी आत्याच्या हातची

नमस्कार मंडळी. घराघरात भाजणीचा वास सुटलाय, कुठे चिवड्याचे पोहे उन्हात घातलेत, दिवाळी अगदी तोंडावर आलीय. आणि आज मला बोलायचंय ते आपल्या त्या माणसांबद्दल जी ह्या दिवाळीत घरी नसणार. आई असेल, बाबा असतील, काका, मावशी, जे कोणी सीनियर होममध्ये राहतात, ज्याला असिस्टेड लिव्हिंग म्हणतात, जिथे गोळ्या वेळेवर द्यायला, अंघोळ घालायला, हात धरून उठवायला माणूस असतं.

माझी आत्या अशाच एका ठिकाणी आहे, बायपासच्या बाजूला, तीन वर्षं झाली. वय ८४. सगळं आयुष्य रामबागेत गेलं तिचं. आपलं इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५ मध्ये सुरू झालं तेव्हा ती शाळेत होती, आणि तेव्हापासून रेडिओ लावल्याशिवाय तिनं कधी कणीक मळली नाही. आता विसरायला होतं, गुडघे चालत नाहीत, घरात दिवसभर कोणी नाही, म्हणून तिथे. ठेवलं म्हणजे टाकलं असं म्हणणारे भेटतातच, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण सणाला मन खातं हे खरं आहे.

पहिल्या दिवाळीला आम्ही काय केलं सांगते. लक्ष्मीपूजन उरकून संध्याकाळी सात वाजता आम्ही अकरा जण तिच्या खोलीत. मोठे मोठे डबे, नवी साडी, पोरांचे मोबाइल, सगळे एकदम बोलतायत, बाहेर फटाके. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, मग हळूच माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "एवढी माणसं का जमलीत गं? कोण गेलं?"

मला अजून ते वाक्य झोपेत ऐकू येतं.

तिथे तिचं सगळं बघणारी जी दीदी आहे ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "शाम को मत आया करो, सुबह आओ. सुबह अम्मा, अम्मा रहती हैं." आणि खरंच, ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा गोंधळ दिवस कलला की वाढतो, डॉक्टरही हेच सांगतात. म्हणून सकाळी नाश्त्यानंतर जा, दोघं-तिघंच जा, तासभर बसा. उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी जावं. आपली दिवाळी काय एका संध्याकाळची आहे का, वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत पंधरवडा आहे की हातात! उलट भाऊबीज झाली की तिथे एकदम सामसूम होते, आकाशकंदील तसाच लटकलेला आणि येणारं कोणी नाही, तेव्हाची एक फेरी तर चुकवूच नका.

पण मला खरं समजलं ते पुढच्या वर्षी. आत्या आमच्या घरची करंजीवाली. पन्नास वर्षं तिनं सगळ्यांना करून घातलं आणि आता आम्ही तिच्यापुढे डबा उघडून म्हणत होतो, खा. पाहुणी करून टाकली तिला! म्हणून मी पारीचं पीठ भिजवून नेलं, सारण नेलं, आणि रामबागेतल्या घरातलं पितळेचं कातण, ज्याचा दांडा तिच्या अंगठ्यानं झिजून एका बाजूला चपटा झालाय. व्हीलचेअरच्या ट्रेवर पोळपाट ठेवला. पहिल्या करंजीला हात इतका थरथरला की कड वाकडीतिकडी कापली गेली, दुसरीलाही तेच, मी हात लावणार तेवढ्यात तिनं माझा हात बाजूला सारला, आणि तिसरीला चाक सरसर फिरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मलाच म्हणते, "सारण कमी भर, तेलात फुटेल."

एकवीस झाल्या. तिथल्या महाराजनं तळून दिल्या, आणि वाटल्या आत्यानं, स्वतःच्या हातानं, शेजारच्या खोलीतल्या गुजराती बांना, दीदीला, गेटवरच्या भैयाला. घेणाऱ्यापेक्षा देणारीचा चेहरा बघण्यासारखा होता.

तेव्हापासून मी आधी तिच्या पर्समध्ये दहा-दहाच्या नोटा ठेवून येते. पाडव्याला पोरं पाया पडली की हातात काहीतरी ठेवायची तिची सवय आहे, आणि पर्स रिकामी निघाली की ती खजील होते, हे आपल्या लक्षातच येत नाही.

काही गोष्टी मात्र आधी तिथल्या लोकांना विचारून करा. कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या खोलीत पणती, उदबत्ती, काहीच नको, सेलवरचा दिवा लावा, ओवाळणी त्यानंही होते. भाऊबीजेला बाबांना आत्यानं तसंच ओवाळलं, दोघांचेही डोळे भरले. पहाटे उठवून अभ्यंग नको, तेलकट पाय बाथरूममध्ये घसरला तर खुब्याचं हाड जातं, खुर्चीतच तळव्यांना कोमट तेल चोळा, उटणं हाताला लावा, त्या वासानंच नरकचतुर्दशी येते. कवळी असेल, गिळायला त्रास असेल तर चकली, कडक लाडू नकोत, शुगर असेल तर किती चालेल ते नर्सला विचारा. घरी आणायचं असेल तर दुपारपुरतं, आणि एकदा "आत्या, घरी चलतेस का" असं तिलाच विचारून. गेल्या वर्षी ती नाही म्हणाली. मला वाईट वाटलं, पण तिची खोली आता तिची आहे, तिथून हलायला तिला भीती वाटते, मग मी कशाला ओढू?

आणि "ओळखलं का मी कोण?" असं कृपा करून विचारू नका. आपणच सांगायचं, आत्या, मी आलेय, बाबांची थोरली.

परवा फोन केला तर दीदीनं स्पीकरवर लावला. माझं नाव काही आत्याला आठवलं नाही. थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला आणि मग म्हणाली, "कातण घासून ठेव, काळं पडलं असेल."

घासून ठेवलंय, वसुबारसेला सकाळी नेते. नमस्कार.