वशिला : एका मोहिनी मंत्राची जुळवाजुळव

(दृश्य : पुण्यातल्या एका फ्लॅटचा हॉल. जेवणाच्या टेबलावर चौकटींची चटई, फासे, चहाचे कप. पुठ्ठ्याच्या पडद्यामागे डीएम.)

निवेदन :
पडद्यामागे बसलाय तो डीएम, म्हणजे डन्जन मास्टर : डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात गोष्ट चालवणारा आणि खेळाडू सोडून बाकी सगळ्यांच्या भूमिका करणारा. आत्ता तो शहराच्या वेशीवरचा पहारेकरी झालाय. खेळात मध्यरात्र झाली आहे, दरवाजा बंद आहे आणि टेबलाभोवतीच्या चौघांना आत जायचंय. तलवार उपसायची नाही, असं चौघांचं आधीच ठरलंय. उपसली तर घंटा वाजणार आणि अख्खं शहर जागं होणार.

"कोण आपण? दरवाजा आता उजाडल्यावरच उघडेल," डीएम जांभई देत म्हणतो. जांभई पहारेकऱ्याची आहे.

निळ्या कुडत्यातली मुलगी बार्ड खेळते. गाणं आणि गोड बोलणं, हीच बार्डची जादू. ती म्हणते, "अहो हवालदार, कोठारप्रमुखांनीच पाठवलंय आम्हाला. त्यांचं नाव सांगायला सांगितलंय."

हे ती उगाच बोलत नाही. हा मंत्र आहे, आणि तो कुठल्याही छापील पुस्तकात सापडणार नाही. टेबलावरच्याच लोकांनी तो घरी रचला. खेळणारे याला होमब्रू म्हणतात. मंत्राचं नाव, वशिला.

(दृश्य : तपकिरी खोक्याचा फोटो, मग पुस्तिकांची पानं.)

निवेदन :
डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली छपाई हजार प्रतींची होती. लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असलेला खोका आणि आत तीन पातळ पुस्तिका.

माणसाला मोहिनी घालणारा चार्म पर्सन हा मंत्र तेव्हापासून आहे, आणि सुरुवातीला तो भयंकर होता. एकदा लागला की कुणीतरी जादूनेच उतरवेपर्यंत समोरचा माणूस पूर्ण तुमच्या कह्यात. पुढे लिहिणाऱ्यांना त्याची नखं कापत बसावं लागलं. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात भुललेल्या माणसाला अधूनमधून सुटायची संधी आहे. ही संधी किती दिवसांनी, ते त्याच्या बुद्धीवर अवलंबून. अगदी मठ्ठ असेल तर तीन महिन्यांनी एकदा, विलक्षण हुशार असेल तर रोज. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मंत्राची मुदत जादूगाराच्या दर पातळीमागे एक तास झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सरसकट एकच तास उरला. वर एक अटही आली : मंत्र उतरला की माणसाला कळतं, मला याने भुलवलं होतं.

अशी ४० वर्षं छाटणी चालली, कारण मोहिनीविद्येचं दुखणं जुनंच आहे. आगीचा गोळा फेकला तर राक्षसाचं थोडं रक्त कमी होतं आणि लढाई पुढे चालते. मोहिनी लागली तर पहारेकरी, कारकून, मंत्री, ज्यांच्याशी तासभर बोलण्यात मजा होती, ते सगळे एका फाशात मान डोलावून मोकळे.

(दृश्य : डन्जन मास्टर्स गाइडचं पान. बोट तक्त्यावरून खाली सरकतं.)

निवेदन :
नवा मंत्र रचायचा असेल तर मदतीला हे पान आहे. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमधलं. पहिल्या पातळीचा मंत्र एकाच शत्रूला मारणार असेल, तर दहा बाजूंचे २ फासे टाका. दुसऱ्या पातळीला ३, तिसऱ्या पातळीला ५, असं चढत चढत नवव्या पातळीला १५. एकापेक्षा जास्त शत्रू असतील तर शेजारचा वेगळा रकाना. मारामारीची अशी सगळी तजवीज.

आता हेच बोट मन वळवण्याच्या तक्त्यावर ठेवा. ठेवता येणार नाही, कारण असा तक्ताच नाही. आहे तो साधारण सल्ला : जुन्या मंत्रांशी ताडून बघा, आणि एखादा मंत्र जादूगाराला उठसूट वापरावासा वाटत असेल तर तो त्या पातळीला जड झालाय असं समजा. सल्ला चोख आहे. पण गप्पांवर चालणाऱ्या टेबलाला एवढ्यावर भागवायला लावणं हा अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत.

(दृश्य : जवळून. पावडरची डबी उघडते, बोट गालावर फिरतं. मग बशीत मधाच्या पोळ्याचा तुकडा.)

निवेदन :
म्हणून टेबलाने आधी जुने मंत्र समोर मांडले. फ्रेंड्स हा सगळ्यात हलका. दिवसाला ठरावीक मंत्रच टाकता येतात, त्यातल्या एकेका जागेला स्लॉट म्हणतात. फ्रेंड्सला तोसुद्धा खर्च होत नाही. साहित्य म्हणून चेहऱ्याला थोडा मेकअप लावायचा. मिनिटभर एका माणसाशी बोलताना तुम्हाला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. मिनिट संपलं की तो माणूस तुमचा वैरी. समोरच्याला सुचवाल ते करायला लावणारा सजेशन दुसऱ्या पातळीचा. त्याला सापाची जीभ लागते आणि सोबत मधाचं पोळं किंवा गोड्या तेलाचा थेंब. सापाची जीभ आम्हाला मिळाली नाही, शोधलीही नाही.

२०२४ च्या सुधारित आवृत्तीत फ्रेंड्सला बचावाचा रोल आला, म्हणजे समोरच्याने फासा टाकून मंत्र चुकवायची संधी, आणि सजेशनला २५ शब्दांची मर्यादा. हे टेबल मात्र २०१४ चेच नियम पाळतं.

(दृश्य : वहीचं पान. निळ्या शाईतला मजकूर, त्यावर लाल रेघा.)

निवेदन :
वशिल्याचा पहिला मसुदा हा. पातळी पहिली. समोरच्याला वाटतं, आपल्या ओळखीच्या कुण्या मोठ्या माणसाने यांना पाठवलंय. मुदत ८ तास. बचावाचा रोल नाही. मंत्र बोलण्यातच मिसळलेला, त्यामुळे कुणालाच कळत नाही. उतरल्यावरही नाही.

लाल रेघा डीएमच्या. शेवटच्या दोन वाक्यांवर त्या सर्वात जाड आहेत, आणि त्याला कारण आहे. खेळात मंत्र म्हणताना शब्द ऐकू येतात, हातवारे दिसतात. ते लपवण्याची सोय सॉर्सररकडे, म्हणजे अंगातच जादू असलेल्या जादूगाराकडे, आहे आणि त्यासाठी तो दरवेळी आपल्या शिल्लकीतला एक गुण मोजतो. तीच सोय बार्डला फुकट दिली, तर सॉर्सरर खेळणाऱ्याने टेबलावर यायचं कशाला? तो टेबलावर आहे. चष्मेवाला, उजवीकडे. या रेघा पडल्या तेव्हा तोच सगळ्यात खुशीत होता.

(दृश्य : ट्रेमध्ये वीस बाजूंचा एक फासा. मग दोन. वरून.)

निवेदन :
आता हिशेब. पात्र तिसऱ्या पातळीचं, बोलून पटवताना फाशावरच्या आकड्यात ५ ची भर. पहारेकरी तटस्थ आहे, ना मित्र ना शत्रू. रात्री दरवाजा उघडायचा म्हणजे त्याच्यावर थोडी जोखीम येते. तटस्थ माणसाने तेवढी जोखीम पत्करावी यासाठी पुस्तकात आकडा दिलाय २०. म्हणजे फाशावर १५ किंवा जास्त हवेत. शक्यता ३० टक्के.

दोन फासे टाकून मोठा घेतला, तर हीच शक्यता ५१ टक्के होते. फ्रेंड्स एवढंच देतो.

आता फासा एकच ठेवा, पण पहारेकऱ्याचं मन एक पायरी वर न्या. तटस्थाचा स्नेही करा. स्नेही माणसाने तीच जोखीम घ्यावी यासाठी लागतात फक्त १०. फाशावर ५ आले तरी पुरे. शक्यता ८० टक्के.

(दृश्य : डीएम पेन्सिलीने १० या आकड्याभोवती गोल काढतो.)

निवेदन :
वहीतला हा गोल म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं मर्म. पुस्तकातली वैरी, तटस्थ, स्नेही ही उतरंड वापरली, तर एक पायरी म्हणजे फाशावरचे तब्बल १०. दुसरा फासा फार तर ५ च्या बरोबरीचा, आणि तोही मधल्या आकड्यांवर. आकडा अवघड झाला की त्याचं बळ घटतं. फाशावर २० च हवे असतील, तर ५ टक्क्यांचे जेमतेम पावणेदहा होतात. होमब्रू लिहिणारे पुष्कळदा 'समोरचा तुमच्याशी स्नेहाने वागू लागतो' असं सहज लिहून टाकतात. आपण केवढं दान दिलं याचा त्यांना पत्ता नसतो.

चार्म पर्सन दोन्ही देतो. माणूस तुम्हाला ओळखीतला मित्र समजतो आणि वर दुसरा फासाही मिळतो. मंत्र लागला तर ९६ टक्के. पण लागला तर. तिसऱ्या पातळीच्या जादूगाराविरुद्ध पहारेकऱ्याला बचावासाठी १३ हवेत, आणि साध्या पहारेकऱ्याला त्यात कसलीच भर मिळत नाही. म्हणजे मंत्र लागण्याची शक्यता ६० टक्के. फसला तर साधं बोलून बघायचं, ते आपल्या मूळच्या ३० टक्क्यांवर. सगळं जमेला धरून चार्म पर्सन ७० टक्क्यांच्या आसपास जातो. बचावाचा रोल घातलेला आणि एकच पायरी चढवणारा वशिला येतो ६० वर.

फुकटच्या फ्रेंड्सपेक्षा थोडा वर, त्याच पातळीच्या चार्म पर्सनपेक्षा थोडा खाली. जागा बरोबर सापडली.

(दृश्य : बार्ड खेळणारी मुलगी उठून गॅलरीपर्यंत जाते, काही पुटपुटते, परत टेबलाशी येते.)

निवेदन :
मंत्र लपवायचा नाही, पण पहारेकऱ्याच्या तोंडासमोरही म्हणायचा नाही, हा पेच असा सुटला. मंत्र स्वतःवर घालायचा. कोपऱ्याआड उभं राहून म्हणायचा आणि १० मिनिटांच्या आत माणूस गाठायचा. ज्याला पहिल्यांदा नाव सांगाल त्याच्यावर तो चालतो. पूर्ण वेळ एकाग्रता लागते, वाटेत कुणाचा धक्का लागून ती मोडली तर मंत्र गेला. वाटेत कुत्रं भुंकलं, दुसराच कुणीतरी "कोण रे?" म्हणाला, मुदत चाललीच आहे. टेबलावर या १० मिनिटांत जी धांदल उडते ती बघा.

(दृश्य : धांदल. निवेदन नाही.)

निवेदन :
दुसरी अट नावाची. नाव खऱ्या माणसाचं हवं, समोरच्याच्या ओळखीचं हवं, आणि त्याला त्या माणसाबद्दल आदर हवा. पहारेकरी कोठारप्रमुखाला मनातून शिव्या घालत असेल, तर मंत्र वाया. म्हणजे वेशीवर येण्याआधी कुणीतरी खानावळीत बसून शहरातली उठबस काढून ठेवायला हवी. ते काम रॉगने केलं. एरवी कुलपं उघडणारा हा गडी त्या सबंध संध्याकाळी फक्त चौकशा करत होता.

आणि तिसरी अट, जी आमच्या मते या मंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट.

(दृश्य : जवळून. डीएम पिवळ्या चिठ्ठीवर 'कोठारप्रमुख' लिहितो आणि पडद्याच्या आतल्या बाजूला टाचणीने लावतो. तिथे आधीच बऱ्याच चिठ्ठ्या आहेत.)

निवेदन :
मंत्र उतरल्यावर पहारेकरी वैरी होत नाही. आपल्याला भुलवलं हेही त्याला कळत नाही. तो फक्त पुढच्या भेटीत कोठारप्रमुखांना सांगतो, "साहेब, तुमची माणसं आली होती. सोडलं आत." एवढंच. पुढचं सगळं कोठारप्रमुखांवर.

फ्रेंड्सची किंमत तिथल्या तिथे चुकती होते, मारामारीने. वशिल्याची उधारी राहते. ज्याचं नाव घेतलं तो केव्हातरी दारात उभा राहणार : माझ्या नावावर आत गेलात ना, मग आता माझं एक काम करा. दर चिठ्ठी म्हणजे असं एकेक देणं. डीएमला पुढच्या गोष्टी कुठून आणायच्या हा प्रश्न उरला नाही, आणि खेळाडूंना पडद्याची आतली बाजू दिसत नसली तरी टाचणीचा आवाज येतो.

कोठारप्रमुखांनी काम सांगितलं. त्यात रॉगचं पात्र मेलं आणि बाकीच्यांना शहर सोडावं लागलं.

(दृश्य : टेबलाच्या मधोमध फुली मारलेलं कार्ड.)

निवेदन :
खेळाडूंच्या पात्रांवर मोहिनी घालायची का, हे या टेबलाने खेळ सुरू होण्याआधीच ठरवलं होतं : विचारल्याशिवाय नाही, आणि कुणालाही काही नकोसं झालं तर या कार्डावर बोट ठेवायचं, कारण विचारायचं नाही.

(दृश्य : वहीचं नवं पान, स्वच्छ अक्षर.)

निवेदन :
वशिला. पहिल्या पातळीची मोहिनी. मंत्र स्वतःवर. साहित्य : मेणाचा फुटका शिक्का. मुदत १० मिनिटं, एकाग्रता आवश्यक. या वेळात ज्या मानवसदृश जीवाला तुम्ही पहिल्यांदा त्याच्या आदरातल्या माणसाचं नाव सांगाल, त्याने शहाणपणाचा बचाव टाकावा. चुकल्यास त्याचा तुमच्याविषयीचा भाव एक पायरी चढतो. ज्याचं नाव घेतलं तो समोर आला, किंवा तुम्ही वा तुमच्या सोबत्यांनी इजा केली, की मंत्र मोडतो. पुढे संधी मिळताच तो जीव त्या माणसाला तुमच्याबद्दल सांगतो.

यानंतरची ओळ अजून पेन्सिलीत आहे. वरच्या पातळीचा स्लॉट खर्च केला तर काय वाढवायचं? चार्म पर्सनमध्ये माणसं वाढतात. बार्डलाही तेच हवंय. डीएम म्हणतो, "माणसं वाढव, पण मग दर माणसामागे वेगळं नाव सांगायचं." सॉर्सररचं म्हणणं, वाढवायचीच तर मुदत वाढवा. त्यावर बार्डचा सवाल, "अरे, मग धावपळ कुठे उरली?" रॉग खेळणारा नवं पात्र घेऊन परत आलाय. त्याच्या मते काहीच वाढवू नये, आधी चिठ्ठ्या कमी करा. येत्या शनिवारच्या सत्रात दुसऱ्या एका शहरात राजवाड्यावर मेजवानी आहे. पाहुण्यांची यादी डीएमने तयार ठेवलीये. तिथे माणसं आणि मुदत, दोन्ही खेळून बघायचं ठरलंय.