उजवीकडचा रकाना

वहीच्या मधोमध एक रेघ. डावी बाजू कोऱ्या कागदानं झाकलेली. तिथं सेवार्थी, म्हणजे मदतीसाठी आलेला माणूस, काय बोलला ते शब्दन् शब्द लिहिलंय, आणि ते आपल्यासाठी नाही. या विद्यार्थिनीनं आमच्या कॅमेऱ्याला दाखवली ती फक्त उजवी बाजू: ‘भेटीत माझ्या मनात काय चाललं होतं.’

समाजकार्याचे विद्यार्थी याला रेकॉर्डिंग म्हणतात. फिल्डवर्कहून आलं की रात्री बसून लिहायचं. पहिल्या सत्रात हा रकाना जवळजवळ कोराच. मध्येच दोन शब्द: ‘वाईट वाटलं.’

तेव्हा या मुलांना वाटायचं, शिकायची ती कौशल्यं. मुलाखत, समुपदेशन, गटकार्य. मूल्यं तर आपल्यात आहेतच, म्हणून तर या कामाकडे वळलो.

आता हा रोल प्ले पाहा. सेवार्थी झालेली मुलगी म्हणते, “मी नवऱ्याकडे परत जातेय.” समोरची लगेच पुढं झुकते. “अहो, नका जाऊ! परत मारेल तो.” शिक्षिका हात वर करतात. पुन्हा पहिल्यापासून.

या खेपेला ती गप्प राहते. पेनचं टोपण उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. मग विचारते, “परत गेल्यावर काय होईल, असं वाटतं तुम्हाला?”

हा प्रश्न कौशल्य म्हणून शिकवता येतो. पण तो विचारण्याआधी तिला आपला सल्ला गिळावा लागला. ते कुठल्या तासाला शिकवणार?

फळ्यावर सात तत्त्वं आहेत. सेवार्थीशी नातं कसं असावं, हे सांगताना समाजकार्याचे अमेरिकी प्राध्यापक फेलिक्स बीस्टेक यांनी ती १९५७ मध्ये मांडली. स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय... सगळ्यांना पाठ आहेत. स्वयंनिर्णयालाही मर्यादा असतात, हेही बीस्टेक यांनीच सांगून ठेवलंय. ती मर्यादा नेमकी कुठं, यावर वर्गात अर्धा तास वाद चालला.

खरी भेट या दारापलीकडे. कॅमेरा इथंच थांबतो.

सुपरवायझरसोबतची बैठक. लाल पेन ‘वाईट वाटलं’पाशी थांबतं. समासात प्रश्न उमटतो: ‘नेमकं कशाचं?’ आमच्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा तास हा. पुढं नोकरीत केसेस वाढतात, अशा बैठका मागे पडतात, आणि कितीतरी जण थकून जातात.

तिसऱ्या सत्राची वही. डावीकडे तोच कोरा कागद. उजवीकडचा रकाना भरून समासात गेलाय.

‘मला तिचा राग आला. तो तिला दिसला असेल का?’