बस दमली म्हणून थांबत नाही

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली 'ज्येष्ठ मॅरेथॉनपटू' असं छापलंय. पत्रिका घरी आली तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "ज्येष्ठ तर दिसतंच आहे, पटू कधी झालात?" तेव्हा आधीच सांगतो, मी पटूबिटू नाही. मी बेस्टचा कंडक्टर. १९८२ ते २०१३. ३१ वर्षं हलत्या जमिनीवर उभं राहून तिकिटं फाडली. आता वयाची ७० पूर्ण झालीत, आणि गेली काही वर्षं जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मी मुंबई मॅरेथॉन धावतो. पुरी, ४२ किलोमीटरची. धावतो म्हणजे नेमकं काय करतो, तेवढंच सांगायला आलोय.

पहिली मुंबई मॅरेथॉन झाली १५ फेब्रुवारी २००४ ला. त्या रविवारी मीही रस्त्यावर होतो, पण खाकी कपड्यात. ड्युटीवर. आमची गाडी नेहमीच्या रस्त्यावरून वळवली होती आणि ती कुठून जाणार हे मला आणि ड्रायव्हरलाच धड माहीत नव्हतं, तर पॅसेंजरांना काय सांगणार? एक बाई डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवरा हॉस्पिटलात. त्यांनी मला अर्धा तास फैलावर घेतलं. शेवटी म्हणाल्या, "लोकांना कामधंदे नाहीत म्हणून धावतात, आणि आम्हाला कामं आहेत म्हणून आम्ही अडकतो." मला ते शंभर टक्के पटलं. मीही त्यांच्या जोडीने धावणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. आता माझ्यामुळे गाड्या वळवतात. दरवर्षी सुरुवातीच्या गर्दीत उभा राहिलो की त्या बाई आठवतात. डबा वेळेवर पोचला का, कुणास ठाऊक.

रिटायर झाल्यावर दोन महिने घरात बसलो. तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं तर साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, चाला. मग रोज पहाटे नरे पार्कात फेऱ्या सुरू झाल्या. तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असायची, १६०० मीटरचा सराव करणारी. त्यातला एक सोलापूरकडचा पोरगा एक दिवस म्हणाला, "काका, नुसतं चालून काय होतंय? ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत पळा, मग पुढच्या खांबापर्यंत चाला." माझं सगळं प्रशिक्षण म्हणाल तर एवढंच. तो पुढे भरती झाला. मी अजून खांब मोजतोय.

पुढे भाच्याने सांगितलं की काका, तुमच्या ह्या खांब-पद्धतीला अमेरिकेत नाव आहे. जेफ गॅलोवे नावाचा धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला. त्याने सामान्य माणसांना असंच धावायला आणि चालायला शिकवलं. असेल. मला मात्र त्यात नवं काही वाटलं नाही, कारण हे तर बसचं टाइमटेबल.

जरा समजावून सांगतो. मी ५ मिनिटं धावतो आणि १ मिनिट चालतो. पहिल्या मिनिटापासून हेच. म्हणजे मॅरेथॉन सुरू होऊन ५ मिनिटं झाली, आजूबाजूचे सगळे उधळलेत, ढोल वाजताहेत, आणि हा म्हातारा घड्याळ बघून चालायला लागतो. पोरं मागे वळून बघतात. "अंकल, ठीक आहात ना?" ठीक आहे बाबांनो, माझा स्टॉप आलाय. बस दमली म्हणून स्टॉपवर थांबत नाही. स्टॉप आला म्हणून थांबते. जी गाडी दमून थांबते तिला ब्रेकडाउन म्हणतात, आणि मग डेपोतून व्हॅन येते. म्हातारपणी धावायचं तर थांबे आधी ठरवून घ्यावे लागतात, आणि पाय ताजे असतानासुद्धा पाळावे लागतात. हे पाळणं सगळ्यात अवघड. अंगात जोर असताना चालायला लाज वाटते. मला पहिली दोन वर्षं वाटली.

ह्यात थोडं गणितही आहे. धावताना किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी जळते. माझं वजन ६२. म्हणजे ४२ किलोमीटरला २६०० च्या आसपास. अंगात साखरेचा साठा असतो ढोबळमानाने २००० कॅलरींचा. म्हणजे परळपर्यंतचं तिकीट काढून दादरला उतरायचं म्हणण्यासारखं. उरलेलं भाडं चरबीतून भरावं लागतं, आणि चरबी हे सुट्टे पैसे नाहीत, मोठी नोट आहे. मोडायला वेळ लागतो. जोरात धावलात तर साखर भराभर उडते आणि तिशीच्या पुढच्या कुठल्यातरी किलोमीटरला पाय एकदम दुसऱ्याचे होतात. धावणारे त्याला 'भिंत' म्हणतात. सावकाश धावलात तर चरबी आपला वाटा उचलते. वयाने माझा वेग काढून घेतला, त्यात हा एक फायदा पदरात पडला.

आता रस्ता. पहाटे काळोखात सीएसएमटीसमोर गर्दी. रेल्वे त्या दिवशी जादा लोकल सोडते, आणि पहाटेच्या त्या डब्यात सगळ्यांच्या छातीवर नंबर टाचलेले. विंडो सीट रिकामी असूनही लोक उभे. मी मुद्दाम बसून जातो, उभं राहायचं माझं आयुष्यभराचं झालंय. घरून तीन वाजता चहा, केळं. आदल्या रात्री वरणभात. मरीन ड्राइव्हला अजून दिवे लागलेले असतात. तिथे बोलायचं नाही, वाहून जायचं नाही. पेडर रोड, हाजी अली, वरळी, आणि मग सी लिंक.

सी लिंक २००९ मध्ये सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी मॅरेथॉन त्याच्यावरून गेली. साडेपाच किलोमीटरचा पूल, एरवी पायी माणसाला मज्जाव. खाली कोळीवाड्याच्या होड्या. पुलावर बघे नसतात, बँड नसतो. हजारो बुटांचा फक्त चपचप आवाज. ३१ वर्षांत मी मुंबईचा रस्ता इतका शांत ऐकलेला नाही. कोणी हॉर्न देत नाही, कोणी "कंडक्टर, सुट्टे!" म्हणत नाही.

माहीमच्या पुढे मागून गलका येतो. मोटरसायकली, गाडी, गाडीवर घड्याळ. पुढच्या फळीतले धावपटू आमच्यानंतर दोन-अडीच तासांनी सुटलेले असतात, आणि इथे आम्हाला गाठतात. इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३ मध्ये २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद घेतली, म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं. माझा किलोमीटर साडेआठ मिनिटांचा. ती माणसं बाजूने जातात तेव्हा पावलांचा आवाजच येत नाही. वारा लागतो फक्त. मी दरवेळी कडेला होऊन टाळ्या वाजवतो. तो माझा जादा स्टॉप, टाइमटेबलात नसलेला. आपल्या माणदेशातली ललिता बाबर ह्याच रस्त्यावर भारतीय महिलांमध्ये ओळीने पहिली येत होती, आणि पुढे रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. मोही गावची पोरगी. तेव्हा मी बॅरिकेडच्या अलीकडे होतो.

प्रभादेवीला आमची चाळकरी मंडळी येतात. दरवर्षी तोच बोर्ड, 'आगे बढो', त्यातला 'ढो' पावसाच्या पाण्याने केव्हाच गेलाय. सौ. तिळगूळ घेऊन उभ्या असतात. संक्रांत नुकतीच झालेली असते ना. बाजारात धावपटूंसाठी ट्यूबमधले गोड चीक मिळतात, महागडे. मला तिळाची वडी पुरते. गूळ लगेच लागतो, तीळ मागाहून.

मिठाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण इथे बसलेल्या कुणीही ती चूक करू नये. २०१९ ची, माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन. कुणीतरी सांगितलं होतं, तहान लागायच्या आधी पाणी प्या. मी प्रत्येक टेबलावर प्यालो. कंडक्टरला फुकट मिळालेलं सोडवत नाही. वरळीला परत आलो तेव्हा बोटातली अंगठी हलेना. बोटं सुजून गाजराएवढी. मळमळ, डोकं जड. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी प्यालो. वैद्यकीय तंबूतल्या तरुण डॉक्टरणीने अंगठी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, किती पाणी प्यायलात?" साधं पाणी बेसुमार प्यालं की रक्तातलं मीठ पातळ होतं. उन्हाने माणूस कोसळतो तसा पाण्यानेही कोसळू शकतो. घामातून मीठ जात असतं आणि आपण वरून साधं पाणी ओतत असतो. आणि मुंबईचा जानेवारी थंडीचा म्हणायचा, पण हवेत ओल असते, घाम वाळत नाही, नुसता गळतो. त्या दिवशी तिने मला अर्धा तास बसवून ठेवलं. मग सोडलं, "उरलेलं चालत जा" म्हणून. गेलो. तेव्हापासून तहान लागली तरच पितो, आणि अंगठी घरी ठेवतो. सौ.ना ते आवडलेलं नाही.

आणि मग परतीचा पेडर रोड. पाटीवर नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, पण बसच्या पाटीपलीकडे मुंबईत ते कोणी म्हणत नाही. पहाटे जाताना तो कळतच नाही. परत येताना तिशी उलटून गेलेली असते, नऊ-साडेनऊचं ऊन डोक्यावर, आणि हाजी अली सोडलं की समोर चढ. मी ८३ नंबरवर ह्या चढाने किती वेळा गेलो असेन! डबल डेकरला दोन कंडक्टर, एक वर एक खाली. मी वरचा. हा चढ आला की गाडीचा आवाज बदलायचा. ड्रायव्हर गिअर खाली आणायचा, सगळी गाडी दातओठ खाल्ल्यासारखी थरथरायची, आणि वरच्या मजल्यावर उभं राहताना मी नकळत पुढे झुकायचो. जणू माझ्या झुकण्याने गाडी चढणार होती. त्या जुन्या डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. मी मात्र त्या चढावर अजून तसाच झुकतो. खरंच सांगतो, चढ धावायची हीच रीत आहे. थोडं पुढे झुकायचं, पाऊल आखूड टाकायचं, गिअर खाली आणायचा.

तिथे तरुण पोरं फुटपाथवर बसलेली दिसतात. पोटरीवर स्प्रे मारून घेताहेत, एकजण तर रडत होता. सकाळी मला 'अंकल, ठीक आहात ना' विचारणाऱ्यांपैकीच कोणीतरी असणार. आनंद होतो का? खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी झाला. आता थांबतो. गेल्या वेळी एकाला उठवलं, म्हटलं, चल, त्या खांबापर्यंत चालू. मग पुढच्या खांबापर्यंत धावू. प्रभुकुंजपाशी गेलो तोवर तो धावायला लागला, आणि केम्प्स कॉर्नरला मला टाकून पुढे निघून गेला. मागे वळून बघितलंदेखील नाही त्याने! बघू नयेच.

बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्या चढावर गुडघा एकच घंटी देत असतो. टण. टण. मी जिभेने टाळूवर दोनदा वाजवतो. शेजारचे बघतात. बघू देत.

मरीन ड्राइव्हवरचे शेवटचे किलोमीटर उन्हाचे आणि सरळ, त्यात सांगण्यासारखं काही नाही. २०२५ ला मी ५ तास ५८ मिनिटांत पोचलो. वयाच्या गटात कितवा आलो ते भाच्याने शोधलं होतं, मी विसरलो.

मेडल गळ्यात घालून बस पकडायला गेलो. टॅक्सी करा म्हणून सौ.चा फोन येत होता, पण ३१ वर्षांची सवय. आता बसच्या पायऱ्या पहिल्यासारख्या उंच नाहीत, तरी पाय उचलेना. दांडा धरून आधी एक पाय वर घेतला, दुसऱ्याला दोन्ही हातांनी उचलून ठेवला. कंडक्टर तरुण होता, हातात मशीन. त्याने घाई केली नाही. मी बसेपर्यंत घंटी दिली नाही, हे मी बरोबर टिपलं. मग जवळ आला, मेडल बघितलं.

"आजोबा, कुठून कुठे धावलात?"

"सीएसएमटी ते सीएसएमटी."

त्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे टप्पा शून्य की!"

"हो. आता परळ एक द्या."