पटावरचं नाव आणि बाकावरचं मूल

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की बे एरियातल्या आपल्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, 'तिकिटं काढली का?' शाळेला सुट्टी दोन आठवड्यांची, आणि आपण पुण्या-मुंबईला राहतो तीन-चार आठवडे. मी बरीच वर्षं इथल्या एका हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी हायस्कूलांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, हिशेब खात्यात होतो. जानेवारीची हजेरी समोर आली की जीव तुटायचा. कारण कॅलिफोर्निया राज्य पटावर नावं किती, याचे पैसे देत नाही; रोज सरासरी किती मुलं हजर राहिली, याचे देतं. मूल तापाने घरी राहिलं तरी तो दिवस बुडालाच.

हा हिशेब समजायला थोडं मागे जाऊ. तेव्हा शाळांचा बराचसा पैसा त्या-त्या भागातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून, म्हणजे घर-जमिनीवरच्या करातून, यायचा. १९६८-६९ साली लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये एका मुलामागे वर्षाला ५७७ डॉलर खर्च होत, बेव्हर्ली हिल्समध्ये १,२३२. आणि प्रॉपर्टी टॅक्सचा दर? तो बाल्डविन पार्कचा दुपटीहून जास्त! गरिबांनी जास्त दराने कर भरायचा आणि त्यांच्या मुलांना निम्मंच मिळायचं. १९७१ साली सेरानो खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही, असं सांगितलं. पुढे १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ ने या टॅक्सवर मर्यादा आली आणि शाळांच्या पैशाचा कारभार राजधानी सॅक्रामेंटोकडे गेला.

आजचं सूत्र २०१३ चं. प्रत्येक मुलामागे इयत्तेनुसार मूळ रक्कम. नववी ते बारावीची सगळ्यांत जास्त. मूल कमी उत्पन्नाच्या घरातलं, इंग्रजी शिकणारं किंवा फॉस्टर केअरमधलं (सरकारने दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेलं) असेल, तर त्यावर आणखी २० टक्के. तिन्हीत बसलं तरी मोजायचं एकदाच. डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर गेली, की त्या ५५ टक्क्यांच्या वर असलेल्या मुलांमागे आणखी ६५ टक्के. मला हे सूत्र मनापासून पटतं.

पण ते चालतं पालकांनी भरलेल्या फॉर्मवर. नोंदणीच्या टेबलाशी एक आई उत्पन्नाचा फॉर्म कोराच परत देत म्हणाली, 'जेवण तर आता सगळ्यांनाच फुकट आहे, मग पगार कशाला सांगू?' २०२२ पासून जेवण फुकट आहे, खरंच. पण तिच्या मुलाचे २० टक्के त्या कोऱ्या रकान्यात अडकले होते. आपल्याकडेही, भारतातून थेट नववीत आलेल्या मुलाच्या फॉर्मवर 'घरची भाषा' म्हणून इंग्रजी लिहितात, इंग्रजीची चाचणी परीक्षा नको म्हणून. मराठी लिहा हो. त्यात कमीपणा कसला?

एक गोष्ट मात्र अजून खटकते. कुपर्टिनो-सनीवेलच्या फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये प्रॉपर्टी टॅक्सच सूत्राच्या रकमेहून जास्त जमतो आणि वरचा पैसा तिथेच राहतो. अशा डिस्ट्रिक्टला गैरहजेरीची फारशी झळ बसत नाही. त्याच काउंटीत, सॅन होजेच्या ईस्ट साइड युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टला मात्र ती सोसावी लागते. सेरानोला पन्नास वर्षं उलटली, तरी घरांच्या किमती मुलांच्या वर्गात डोकावतातच.

भारतात जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. आजी वाट पाहत असते. फक्त निघण्याआधी शाळेच्या ऑफिसात इंडिपेंडंट स्टडीची, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास करायच्या सोयीची, चौकशी करा आणि करारावर सही करा. मुलाने नेमून दिलेलं काम पूर्ण करून दिलं, की ते दिवस हजेरीत धरता येतात. मग आजीच्या घरी बसून सोडवलेली गणितंसुद्धा इथल्या शाळेच्या खात्यात जमा होतात.