पाय टेकवायची सवय

(रेकम्बंट ट्राइक, म्हणजे रेलून बसायची तीनचाकी सायकल, चालवणाऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात एका कबुलीनं करतो. साधी दुचाकी सायकल मी चाळीसेक वर्षं चालवली. तेवढ्या वर्षांत माझ्या पायांनी एक धडा इतका पक्का गिरवला, की ट्राइकवर आल्यावर तो पुसायला मला दोन वर्षं लागली. वेग कमी झाला, पाय खाली. तोल गेला, पाय खाली. समोर कुत्रं आडवं आलं, तरी पाय खाली. डोक्याला कळायच्या आत पाय जमिनीवर पोचलेला असायचा, आणि दुचाकीवर ते बरोबरच होतं. आज मी जे काही बोलणार आहे ते या एका सवयीबद्दल आहे.

ही इथे उभी केली आहे ती टॅडपोल ट्राइक. टॅडपोल म्हणजे बेडकाचं पिल्लू. वरून बघितलं तर पुढे दोन चाकांचं रुंद डोकं आणि मागे एका चाकाची शेपटी, म्हणून ते नाव. सीट बघा, जमिनीपासून जेमतेम वीतभर. आरामखुर्चीत रेलावं तसं बसायचं आणि पाय पुढे सोडायचे. पुढे ही जी लांब नळी निघाली आहे ती बूम. तिच्या टोकाला क्रँक, म्हणजे पेडलांचे दांडे, आणि पेडलं. आता खाली वाकून बघा. पेडलं आणि सीट यांच्या मध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी नळी आहे. तिच्या आणि जमिनीच्या मध्ये माझी चार-पाच बोटं कशीबशी जातात. ही फट लक्षात ठेवा.

समजा मी चाललोय आणि माझा पाय पेडलवरून निसटला. टाच जमिनीला लागली. बुटाचा तळ रबराचा, तो रस्त्याला धरतो आणि तिथेच थांबतो. ट्राइक थांबत नाही. माझं वजन आणि गाडीचं वजन घेऊन ती पुढे जाते, आणि थांबलेल्या पायावरून ही आडवी नळी चालून येते. पाय मागे ओढला जातो, गुडघा नको त्या दिशेला वळतो, घोटा पिळला जातो. इंग्रजी बोलणारे ट्राइकस्वार याला ‘लेग सक’ म्हणतात. मी त्याला पाय गिळणं म्हणतो, कारण दिसतं तसंच. घोट्याचं हाड मोडणं, नडगीला पीळ बसून ती तडकणं, गुडघ्याचे अस्थिबंध तुटणं, मांडीच्या मागचा स्नायू फाटणं, यांपैकी काहीही होऊ शकतं.

नवीन माणूस लगेच म्हणतो, “लक्ष ठेवीन, निसटला तर पटकन उचलीन.” तर थोडं गणित करू. ताशी १५ किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे. पण त्या वेगानं ट्राइक एका सेकंदात चार मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. टाच टेकते तिथपासून आडव्या नळीपर्यंतचं अंतर साधारण ६० सेंटिमीटर धरा. ते कापायला लागतो सेकंदाचा सातवा भाग. अचानक काही घडल्यावर माणसाची हालचाल सुरू व्हायलाच सेकंदाचा पाचवा-चौथा भाग जातो. म्हणजे पाय उचलायचं तुमच्या मनात येईपर्यंत तो नळीखाली गेलेला असतो. हे गणित ज्याला पटलं त्याच्याशी मला पुढे वाद घालावा लागत नाही.

आता पाय निसटतोच का? दुचाकीवर पेडल पायाखाली असतं. पायाचं वजनच त्याला पेडलवर बसवून ठेवतं. इथे पेडल पायाखाली नाही, पायापुढे आहे. घरी गेल्यावर करून बघा: खुर्ची भिंतीसमोर ओढा, रेलून बसा आणि पायांचे दोन्ही तळवे गुडघ्याच्या उंचीवर भिंतीला लावा. भिंत रेटत राहिलात तर पाय राहतात. रेटा सोडा, की ते घसरायला लागतात. ट्राइकवरही हेच घडतं. म्हणून धोका चढावर, घाम गाळताना फारसा नसतो. तेव्हा पाय पेडलला रेटलेलेच असतात. धोका असतो उतारावर, पेडल मारणं थांबवून मजेत खाली येताना. पाय सैल, वेग भरपूर, आणि मध्येच एखादा खड्डा किंवा गतिरोधक. पावसात तळवे ओले असले की खड्डाही लागत नाही. माझा पाय निसटला तो असाच, कॅनव्हासच्या बुटात आणि चपट्या पेडलांवर. नशीब की वेग चालण्याइतकाच होता आणि हात ब्रेकवरच होते. नडगीवर एक लांब निळा वळ उठला, तो महिनाभर मला शिकवत होता.

तर उपाय एकच: पाय पेडलला बांधा. कशानं बांधायचं यावर मतं वेगळी असतील, बांधायचा की नाही यावर नकोत.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे बुटाच्या तळाला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये बसणारा एक छोटा तुकडा, लावून पाय पेडलमध्ये अडकवणं. याला ‘क्लिपलेस’ म्हणतात आणि या नावानं कित्येक लोक गोंधळतात, कारण पाय तर चक्क अडकवायचा असतो. पूर्वी पंजा धरून ठेवायला पेडलवर पिंजऱ्यासारखी क्लिप आणि पट्टा असायचा. तो पिंजरा गेला, म्हणून क्लिपलेस. १९८४ साली लूक कंपनीनं, बर्फावरच्या स्कीला बूट अडकवतात त्या बंधांवरून, हे पेडल बाजारात आणलं आणि १९८५ मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो त्यांवर तूर द फ्रान्सची शर्यत जिंकला. पण लूकचं क्लीट बुटाबाहेर येतं, त्यावर बदकासारखं चालावं लागतं. आपल्या कामाचं ते १९९० मध्ये आलेलं शिमानो कंपनीचं एसपीडी पेडल. त्याचं क्लीट लहानसं, दोन बोल्टांचं, तळाच्या खाचेत बुडालेलं. त्यामुळे उतरून नीट चालता येतं.

“पाय अडकला आणि सुटलाच नाही तर?” हा प्रश्न येतोच. दुचाकीवर तो रास्त आहे, कारण थांबलात आणि पाय सुटला नाही तर आडवे व्हाल. इथे तीन चाकं आहेत. सिग्नलला थांबा, पाय अडकवलेलेच ठेवा, चहा पिता येईल इतके स्थिर असता तुम्ही. सुटायचं असेल तेव्हा टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. पकड किती घट्ट हे ठरवणारा एक बारीकसा स्क्रू पेडलवर असतो, अॅलन-कीनं फिरणारा. सुरुवातीला तो अगदी सैल ठेवा आणि ब्रेक लावून बसल्या जागी पन्नास वेळा अडकवा-सोडवा. एसपीडीत एसएच ५६ नावाचं एक क्लीट येतं, ते वर ओढलं तरी सुटतं. दुकानात नवख्याला तेच देतात. मला ते ट्राइकसाठी फारसं आवडत नाही, कारण खड्ड्यात आपल्याला नको असतानाही ते सुटू शकतं. एसएच ५१ फक्त टाच फिरवल्यावर सुटतं. मात्र ज्याच्या गुडघ्याला किंवा घोट्याला तो पीळ सोसत नाही, त्यानं ५६ घ्यावं आणि स्क्रू जरा आवळावा.

क्लीटचे बूट नको असतील तर पंजावरून पट्टा आणि टाचेखालून झोळी असलेली पेडलं घ्या. नुसता पंजाचा पट्टा मला अपुरा वाटतो, कारण इथे खाली ओढणारी टाच असते. झोळी नेमकी तेच वजन तोलते. काही जण जुन्या ट्यूबची पट्टी कापून पाय बांधतात. स्वस्तात काम होतं, फक्त मोकळं टोक लोंबू देऊ नका. ते क्रँकभोवती गुंडाळलं गेलं की सोडवताना शिव्या येतात.

इथे एका गोष्टीवर मला थांबायचं आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण ट्राइककडे आले ते तोल सांभाळणं अवघड झालं म्हणून. कुणाला पक्षाघात होऊन गेलाय, कुणाला जुना मधुमेह आहे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. तेव्हा पाय पेडलवर आहे की नाही हे पायाला कळतच नाही, बघावं लागतं. अशा माणसानं पट्ट्यावर भागवू नये. टाचेला कप आणि पोटरीला आधार देणारी पेडलं मिळतात, ती घ्यावीत. ती पायाला बाहेरच्या बाजूला कलंडूही देत नाहीत. आणि घरी आल्यावर मोजे काढून तळवे नजरेनं तपासावेत, कारण घासून आलेला फोडही त्यांना दुखणार नाही.

मोटर बसवली असेल तर आणखी एक. पेडल फिरवल्यावरच जोर देणारी मोटर पाय थांबला की बहुधा थांबते. अंगठ्यानं दाबायच्या थ्रॉटलची मोटर थांबत नाही; पाय रस्त्यावर, अंगठा दाबलेला, आणि गाडी पुढे. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच असतो, तो जोडून घ्या.

चालत्या गाडीपुरता हा प्रश्न नाही. मी स्वतः पडलो तो उतरताना. किंचित उतार होता, पार्किंग ब्रेक लावायचा राहिला. मी उठलो, आणि मागून ट्राइकनं माझ्या पोटऱ्यांवर अशी अलगद धडक दिली, की मी परत सीटवर बसलो आणि दोघंही पुढे निघालो. बघणारे हसले. पण त्या वेळी माझे दोन्ही पाय जमिनीवर, त्या नळीच्या पुढे होते. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी ब्रेक अडकवायचा, मग पाय सोडवायचे, मग उठायचं. बसताना उलट, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी सोडायचा. मागे जायचं असेल तर पायानं रेटू नका. हातमोजे घाला आणि पुढची दोन्ही चाकं हातांनी मागे फिरवा. सोपं आहे आणि पाय आपल्या जागी राहतात.

वळणावर वेग जास्त झाला तर आतलं चाक उचलतं. तेव्हा जुनी सवय पुन्हा डोकं काढते, आणि माणूस बाहेरचा पाय लांब करून गाडी तोलायला बघतो. करू नका. वळणाआधीच ब्रेक मारा आणि अंग आतल्या बाजूला झुकवा. तरी कलंडलात तर वीतभरावरून खरचटेल, ते परवडलं.

गुडघेदुखी अपघातातून येत नाही, पण त्रास तोच. दुचाकीवर पेडलला दाब देताना शरीराच्या वजनाची मर्यादा असते. इथे पाठ सीटला रेटलेली असते, त्यामुळे वजनापेक्षाही जास्त जोर लावता येतो आणि तो सगळा गुडघ्यातून जातो. म्हणून हलका गिअर आणि मिनिटाला ८० च्या आसपास फेरे. बूमची लांबी अशी लावा: टाच पेडलवर, पेडल सगळ्यात दूर, आणि पाय जवळजवळ सरळ. मग पंजा ठेवला की गुडघ्यात हवी तेवढी घडी राहते. बूम आखूड राहिली तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते, लांब झाली तर मागची. १७० मिलिमीटरची क्रँक गुडघ्याला फार वाकवत असेल तर १५५ किंवा १५० ची बसवून बघा. पायाची बोटं बधिर होतात तेव्हा क्लीट टाचेकडे सरकवा आणि लेस सैल करा. पाय कंबरेहून वर असतात, त्यांना थोडी मोकळीक हवी.

आणि हो, उजव्या बुटाची लेस आत खोचा. चेनव्हीलचे, म्हणजे पेडलांजवळच्या चेन ओढणाऱ्या चाकाचे, दाते ती कधी ओढतील सांगता येत नाही. चेनव्हीलला गार्ड नसेल तर लावा, पोटरीवर त्या दातांची रांगोळी उठते.

मागून एक प्रश्न आला: मागे दोन चाकं असलेल्या डेल्टा ट्राइकला हे लागू आहे का? तिथे सीट उंच असते आणि पायांमागे ही आडवी नळी नसते, त्यामुळे धोका कमी. पण पाय खाली गेला तर मागून तिचं चाक येतंच, आणि पुढचं चाक तर पायांच्या मधेच फिरत असतं. बांधा.

आता ज्यांना बसून बघायचं आहे त्यांनी एकेक करून पुढे या. पार्किंग ब्रेक मी लावला आहे, तरी बसण्याआधी स्वतः हात लावून बघा.